पाव फेरा

श्रीकृष्णाची शिष्टाई फसली, तेव्हां आमच्यासारख्याची फसावी यांत नवल नाहीं. पण श्रीकृष्णानें परत निघतांना कौरवांच्या रथाचा आंस मोडून ठेवला नव्हता. आम्हीं जवळजवळ तसेंच कांहीं करून ठेवलें. हकीकत अशी. आमची धाकटी बहीण पुण्यास सदाशिव पेठेंत एकटी राहते आणि तिचा एकुलता एक मुलगा अमेरिकेंतील फीनिक्स शहरीं एका कारखान्यांत एंजिनिअर आहे. यांत दुःख करण्यासारखें कांहीं नाहीं. पेठेंतील निम्म्या घरांची हीच कथा आहे. दुःखाचें कारण निराळेंच होतें. भाच्याला एक नाद लागला होता. तो नाद पत्त्यांचा किंवा शेअरबाजाराचा असता तर शेजारपाजारीं चार माणसांस समजावून तरी सांगतां आला असता. हा होता पाण्यावर उभें राहून चालविण्याच्या एका जुन्या यंत्राचा. त्यानें पाठविलेल्या एका चलच्चित्रांत तो यंत्रासकट हवेंत उलटा झालेला आमच्या भगिनीनें पाहिला आणि त्या दिवसापासून तिची झोंप उडाली. "दादा, तू जा. तुझं तो ऐकेल. ती वस्तू विकून टाक म्हणावं." असा हुकूम आणि चकल्यांचा एक डबा घेऊन, कॉलेजच्या दिवाळीच्या सुटींत, आम्ही विमानांत बसलों.

त्या वस्तूचें प्रथम दर्शन आम्हांस भाच्याच्या गॅरेजमध्यें घडलें. पाण्यावर धांवणाऱ्या सर्वच स्कूटरांस लोक आतां जेट-स्की म्हणतात. वस्तुतः तें कावासाकी कंपनीचें व्यापारी नांव आहे. अ‍ॅरिझोनांतील क्लेटन जेकबसन नांवाच्या मोटारसायकलस्वाराच्या कल्पनेवरून त्या कंपनीनें १९७३ च्या सुमारास हें यंत्र बाजारांत आणलें, तें उभें राहून चालवावयाचें होतें. पुढें बहुतेक जग सोयीचें म्हणून बसून चालविण्याच्या यंत्राकडे वळलें. उभ्यांचा पंथ लहान राहिला; आणि पंथ लहान असला कीं तो कडवा असतो, हें महाराष्ट्रीय वाचकांस सांगावयास नको. भाच्याचें यंत्र यामाहाचें, सुपर जेट नांवाचें, वजनानें एकशें चाळीस किलोच्या आंतबाहेर. घोडा म्हणावा तर बसावयास पाठ नाहीं आणि नाव म्हणावी तर माणूस चढेपर्यंत ती सरळ उभी राहात नाहीं. पोटाखालून पाणी ओढून घ्यावयाचें आणि तें मागें फेंकावयाचें, एवढाच त्याचा व्यवसाय. न्यूटनचा तिसरा नियम त्यास पुढें ढकलतो. ब्रेक नाहीं, गिअर नाहीं. ७०१ घनसेंटिमीटरचें, दोन सिलिंडरांचें, दोन धक्क्यांचें एंजिन आणि त्याच्या कडेला दोन कार्बुरेटर.

हे दोन कार्बुरेटर म्हणजेच खरा नाद होता, हें आम्हांस दुसऱ्या दिवशीं कळलें. कावासाकीनें आपलीं दोन धक्क्यांचीं उभीं यंत्रें केव्हांच बंद केलीं. यामाहानेंही २०२० नंतर तीं सोडलीं आणि २०२१ पासून चार धक्क्यांचें, इंजेक्शननें पेट्रोल घेणारें एंजिन बसविलें. आपल्याकडेही २०२० सालीं धुराचे नवे नियम आले आणि बहुतेक नव्या दुचाकींवरून कार्बुरेटर गेला. चेतक हें नांव तर आतां विजेच्या स्कूटरला आहे. म्हणजे भाचा रात्री जागून जी विद्या शिकत होता ती जगानें टाकलेली विद्या होती. येथें आमच्या शिष्टाईला पहिला तडा गेला. तीस वर्षें इंग्रजी काव्य शिकवून ज्यानें पोट भरलें, त्यानें दुसऱ्याला 'ही विद्या आतां काय कामाची' असें कोणत्या तोंडानें विचारावें?

शनिवारीं सकाळीं आम्ही हावासूच्या तळ्यावर निघालों. फीनिक्सपासून मोटारीनें तीन तासांहून अधिक वाट आहे आणि ती सगळी वाळवंटांतून. कोलोरॅडो नदीवर पार्कर धरण १९३८ सालीं पुरें झालें आणि त्याच्यामागें हें तळें सांठलें. त्याच्या कांठचें गांव वसविलें तें रॉबर्ट मॅक्‌कुलक नांवाच्या कारखानदारानें. हा गृहस्थ झाडें तोडण्याच्या एंजिनी करवती आणि होड्यांचीं एंजिनें बनवीत असे. १९६८ सालीं त्यानें लंडन शहराचा जुना पूल चोवीस लाख साठ हजार डॉलरांस विकत घेतला, त्याचे बाहेरचे दगड जहाजांत घालून आणले, सिमेंटच्या नव्या सांगाड्यावर ते मढविले आणि १९७१ सालीं वाळवंटांत पूल उभा केला. १८३१ चा हा पूल. एलियटच्या १९२२ च्या 'वेस्ट लँड'मध्यें हिवाळी धुक्यांतून कारकुनांचा लोंढा ज्या पुलावरून जातो, तो हाच. तें काव्य आम्हीं किती वर्षें वर्गांत शिकविलें त्याची गणती नाहीं, पण पूल मात्र पाहिला तो खऱ्याखुऱ्या ओसाड भूमींत, निळ्या पाण्यावर, आणि त्याच्याखालून अर्ध्या चड्डींतील तरुण मंडळी मोठ्यानें संगीत लावून होड्या हांकीत होती. आम्ही मोटार थांबविण्यास सांगितलें आणि दगडाला हात लावून आलों. भाचा म्हणाला, "मामा, तुमचं देवदर्शन झालं, आतां माझं." जगांतील जेट-स्कीवाल्यांच्या अंतिम शर्यती अनेक वर्षें ऑक्टोबरमध्यें याच तळ्यावर होत आल्या आहेत. तें त्याचें पंढरपूर होतें.

कार्बुरेटर म्हणजे काय, हें आमच्या पिढीच्या मध्यमवर्गीय माणसास शिकवावें लागत नाहीं; तो तें स्टोव्हच्या पिनेपासून शिकलेला असतो. स्टोव्हच्या निपलचें भोंक बुजलें कीं ज्योत पिवळी होऊन भांडीं काळीं होत, आणि नको तितकें मोठें झालें कीं भडका उडे. पुढें दाराशीं स्कूटर आली. आमचे मेहुणे, म्हणजे भाच्याचे वडील, यांच्या निळ्या चेतकवर आमच्या भगिनीचा सगळा संसार भाजीच्या पिशव्यांसकट वाहिला गेला. सकाळीं ती चालू झाली नाहीं कीं तिला एका अंगावर आडवी करावयाची, क्षणभर तशी धरावयाची, मग उभी करून किक मारावयाची. हा विधि त्या काळीं पुण्यांतील प्रत्येक अंगणांत चाले. आडवी केली कीं कार्बुरेटरच्या वाटींतील पेट्रोल उचंबळून आंत उतरे, आणि थंड एंजिनाला हवा असलेला जास्तीचा घोंट मिळे. रविवारीं सकाळीं मेहुणे ती वाटी उघडून बसत, आणि शेजारीं उकिडवा बसून, हातांत पान्हा धरून, एक सात-आठ वर्षांचा मुलगा त्यांच्याकडे पाहात असे. मेहुणे हृदयविकारानें गेले तेव्हां तो मुलगा कॉलेजांत होता.

परंतु पाण्यावरील यंत्राला वाटीचा कार्बुरेटर चालत नाहीं. आमची चेतक दिवसांतून एकदां आडवी होई. हें यंत्र मिनिटांतून दहा वेळां आडवें होतें, लाटेंत नाक खुपसतें, आणि चालविणारा आमच्या भाच्यासारखा असला तर उलटेंही होतें. वाटींतील पेट्रोल अशा वेळीं कोठें जाईल याचा नेम नाहीं. म्हणून येथें वाटीच्या जागीं रबरी पडदा असतो. मॅक्‌कुलकची करवतही हातांत वाटेल तशी फिरते, म्हणून तिलाही असलाच पडद्याचा कार्बुरेटर लागतो. तेव्हां हें गांव आणि हा नाद यांचें नातें आम्ही समजत होतों त्याहून जवळचें निघालें. एंजिनाच्या श्वासोच्छ्वासावर चालणारा एक चिमुकला पंप पेट्रोल पुढें ढकलतो. एका बारीक सुईनें वाट अडविलेली असते. सुईला एक तरफ आणि तरफेखालीं एक स्प्रिंग. एंजिनानें हवा ओढली कीं पडदा आंत खेंचला जातो, तरफ दबते, सुई उचलते आणि पेट्रोल येतें. गळा अरुंद केला कीं हवेचा वेग वाढतो आणि दाब उतरतो, हें बर्नोलीनें १७३८ सालीं आणि वेन्तुरीनें १७९७ सालीं सांगून ठेवलें आहे. पेठेंतील बोळाच्या तोंडाशीं उन्हाळ्यांत खाट टाकून निजणारास तें दोघांच्याही मदतीशिवाय ठाऊक असतें. त्या उतरलेल्या दाबानें पेट्रोल आपण होऊन हवेंत शिरतें. बाकी सारा मामला हा पेट्रोल किती आणि हवा किती एवढाच.

यंत्राबरोबर कंपनीनें ३८ मिलिमीटर गळ्याचे दोन मिकुनी कार्बुरेटर दिले होते. भाच्यानें ते काढून ४४ चे दोन जुने आणून बसविले होते. सहा मिलिमीटर म्हणजे बोटाच्या नखाएवढें; पण गळ्याचें क्षेत्रफळ काढलें तर तें चौतीस टक्क्यांनीं वाढतें. आम्हीं तें कागदावर काढलें आणि विचारलें, "मग ४६ च कां नाहीं घेतलेस? सेहेचाळीस टक्के मिळाले असते." भाचा हंसला. "मामा, सगळे इथंच फसतात. गळा मोठा केला कीं वरच्या वेगाला हवा भरपूर मिळते. पण खालच्या वेगाला तीच हवा मोठ्या गळ्यांतून सावकाश जाते, आणि सावकाश गेली कीं पेट्रोल ओढत नाहीं. मग पोरं यंत्र घेऊन वळणावर येतात, अंगठा दाबतात, आणि एंजिन खोकतं. सरळ रेषेंत पळायचं तर मोठा घ्यावा. मला वळणं हवींत." आम्हांस आमच्या कॉलेजांतील कांहीं व्याख्यात्यांची आठवण झाली, गळा मोठा, पण हळू बोलूं लागले कीं अर्थ ओढला जात नाहीं. तें असो.

किनाऱ्यावर घडीचें टेबल मांडून त्यानें दुकान उघडलें. पितळेचीं चिमुकलीं जेटें, प्रत्येकावर आंकडा. आंकडा मोठा तर भोंक मोठें. मंद गतीचें जेट निराळें, भर गतीचें निराळें, आणि दोहोंस मदत करणारा एक एक स्क्रू. हें आम्हांस लवकर समजलें. समजावयास अवघड गेली ती 'पॉप-ऑफ' नांवाची बाब, आणि आमचें मन जडलें तेंही तिच्यावरच. सुई किती दाबाला उचलते तो हा दाब. तो मोजण्याची एक लहानशी पिचकारी असते. सुई पेट्रोलनें भिजवावयाची, कारण कोरडी सुई खोटें बोलते. मग पेट्रोलच्या वाटेनें हवा दाबीत जावयाची. घड्याळाचा कांटा चढत जातो, चढत जातो, आणि एकाएकीं फट्‌दिशी सुई उचलून कांटा खालीं येतो. स्प्रिंग जड घातली कीं सुई उशिरां उचलते आणि पेट्रोल कमी येतें. हलकी घातली कीं लौकर उचलते आणि पेट्रोल अधिक. सुईखालचें भोंक मोठें असेल तर हें सारें पुन्हां बदलतें. ६५, ८०, ९५, ११५ ग्रॅम अशा चार स्प्रिंगा. डोळ्यांना जवळजवळ सारख्याच. मंद गतीवरून एकदम अंगठा दाबतांना एंजिन जें उत्तर देतें, तें बरेंचसें या तांदळाएवढ्या तारेवर अवलंबून असतें.

भाचा पाण्यावर गेला, दहा-वीस सेकंद एंजिन मंद चालूं दिलें आणि अंगठा दाबला. यंत्र घुसमटल्यासारखें गुरगुरलें, मग धांवलें. "भरतंय," तो परत येऊन म्हणाला, "सुई लौकर उचलते." ८० ची स्प्रिंग काढून ९५ ची घातली. पिचकारी आम्हीं मारली. कांटा आतां आधींपेक्षां बराच वर चढून मग पडला. पुन्हां पाण्यावर. या वेळीं अंगठा आणि उडी यांत अंतर राहिलें नाहीं. आम्ही कांठावरून टाळ्या वाजविल्या, आणि मग कोणी पाहिलें तर नाहीं ना म्हणून भोंवतीं बघितलें.

मग भर गतीचा स्क्रू. येथें भाच्याचा चेहरा गंभीर झाला. इंग्रजींत जास्त पेट्रोलच्या मिश्रणास श्रीमंत म्हणतात आणि कमी पेट्रोलच्या मिश्रणास कृश. कृश मिश्रण ऐकावयास फार गोड: आवाज स्वच्छ, टणत्कार स्पष्ट, धूर नाहीं, वेगही किंचित् अधिक. आणि तेंच घातकी. कृश मिश्रण तापतें. शिवाय या एंजिनाला निराळें तेल नसतें, चाळीस भाग पेट्रोलांत एक भाग तेल मिसळलेलें असतें, म्हणून पेट्रोल तोडलें कीं तेलही तुटतें. तापलेला पिस्टन फुगतो आणि सिलिंडरला धरून बसतो. "श्रीमंतीनं नुसता प्लग काळा होतो, मामा; कृशपणानं एंजिन जातं. म्हणून मीं नेहमीं जास्त पेट्रोलवरून सुरुवात करतों." त्यानें यंत्र भर वेगानें नेलें, मध्येंच दोरी खेंचून एंजिन तोडलें, आणि तसेंच वल्हवीत आणून प्लग काढला. भिंगांतून पाहिलें तर त्याचा रंग बिनदुधाच्या कॉफीसारखा होता. "थोडं कमी करतां येईल. तुम्ही फिरवा. दोन्हीकडे पाव पाव फेरा. दीडावरून सव्वावर."

येथें एक गोष्ट आमच्या कानांत भरली. भाचा त्या मुलुखांत दिवसभर इंग्रजी बोलतो; स्वप्नेंही बहुधा इंग्रजींतच पाहात असेल. पण स्क्रूचे फेरे तो मराठींत मोजतो. सव्वा, दीड, पावणेदोन. इंग्रजीला या कामीं चार-चार शब्द लागतात; आमच्या भाषेनें बाजारांतील पायलीशेरांसाठीं जे अपूर्णांक घडविले, ते या तळ्याच्या कांठीं स्क्रूच्या पेंचाला नेमके बसत होते. आम्हीं पेंचकस घेतला आणि दोन्ही स्क्रू पाव फेरा आंत घेतले. पुन्हां फेरी झाली; प्लग आतां दुधाच्या चहाच्या रंगाचा निघाला. आणि आवाज! कांठावर उभ्या असलेल्या एका अनोळखी जेट-स्कीवाल्यानें मान वर करून अंगठा दाखविला. आयुष्यांत आमच्या एखाद्या निबंधाचें इतकें तात्काळ कौतुक झालें नव्हतें.

"हें आतांच्या हवेचं झालं," भाचा म्हणाला. "दुपारीं चौतीस अंश आहे. पहांटे सोळाच्या आसपास येतं. थंड हवा दाट. सहा टक्के तरी वजन जास्त. पेट्रोल तितकं वाढत नाहीं. म्हणून सकाळीं हा पाव फेरा परत उघडायचा. मामा, हें काम तुमचं." आम्हीं मोठ्या दिमाखानें मान डोलाविली.

त्या रात्रीं खाणावळींतून परत आल्यावर आम्हीं शिष्टाई केली. वाक्यें पुण्यापासून पाठ करून आणलीं होतीं: आईचें वय, शरीराची जोखीम, पगाराचा विनियोग, संसाराला लागण्याची वेळ. भाच्यानें सगळें ऐकून घेतलें. मग तो म्हणाला, "बाबा गेल्यावर दोन महिन्यांनीं आईनं स्कूटर विकली. अंगणांत दिसली कीं तिला सहन होईना. मला कांहीं म्हणतां आलं नाहीं. निदान कार्बुरेटर तरी काढून ठेवायला हवा होता. पण तो काढला तर गाडी घेणारा काय म्हणेल, हाच विचार मीं केला." एवढेंच. आमचीं पाठ केलेलीं वाक्यें आम्हीं पुन्हां पेटींत भरलीं. थोड्या वेळानें भगिनीचा फोन आला. "सांगितलंस का त्याला?" "बोलणें चालू आहे," आम्ही म्हणालों.

पहांटे तळ्यावरून अशी थंडी येत होती कीं आम्हीं हात शालींतून बाहेर काढले नाहींत. पाणी कांचेसारखें. उभ्या पंथाच्या लोकांस असेंच पाणी प्रिय असतें आणि तें सकाळीं तासभरच मिळतें, म्हणून भाच्याची घाई चालली होती: पेट्रोलांत तेल मोजून ओतणें, अंगरखा, शिरस्त्राण, मनगटाला दोरी. तो पाण्यांत उतरला आणि वळून म्हणाला, "मामा, स्क्रू उघडलेत ना दोन्ही?"

आम्ही "हो" म्हणालों.

उघडले नव्हते. आम्ही विसरलों होतों, आणि त्या क्षणींच आठवलें. 'थांब, राहिलें' एवढे दोन शब्द पुरले असते. झांकण उचलून पेंचकस फिरविण्यास एक मिनिट लागलें असतें. पण तीस वर्षें वर्गापुढें उभें राहण्याची ही एक खोड आहे: न वाचलेल्या पुस्तकाविषयीं विचारलें तरी मान होकारार्थींच हलते. शिवाय पाव फेरा तो काय, असेंही वाटून गेलें. आणखीही कांहीं होतें काय? त्या होकाराच्या बुडाशीं कोठें तरी भगिनीचा हुकूम दडून बसला होता काय? आम्हीं मनाशीं पुष्कळ उलटतपासणी केली आहे. तसा विचार आम्हीं केला नव्हता, हें आम्ही शपथेवर सांगूं; पण न केलेला विचार हातून घडत नाहीं, अशी शपथ मात्र आम्हांस घेववत नाहीं.

पहिल्या दोन फेऱ्या सुरेख झाल्या. आवाज कालच्यापेक्षांही स्वच्छ होता, आणि त्या स्वच्छपणाचा अर्थ आम्हांस काल शिकविलेला होता. तरी आम्ही तो ऐकत उभे राहिलों. तिसऱ्या फेरींत लांबच लांब सरळ रेषेंत त्यानें अंगठा दाबून धरला. आवाज किंचित् चढला, जणु गाणाराची पट्टी सुटावी, आणि मग तुटला. ओरडणें नाहीं, स्फोट नाहीं, नुसती शांतता. यंत्र पाण्यांत रुतल्यासारखें थांबलें आणि भाचा दांडीवरून पुढें फेंकला गेला. तो वर येईपर्यंत आम्ही गुडघाभर पाण्यांत गेलों होतों, शालीसकट. पोहतां आम्हांस येत नाहीं.

दोन-तीन क्षणांनीं शिरस्त्राण वर आलें. मग एक हात वर झाला.

एका दुसऱ्या यंत्रवाल्यानें दोरी बांधून त्याला हळूहळू ओढीत आणलें. जोरानें ओढलें तर थंडाव्याच्या नळींतून पाणी बंद एंजिनांत शिरतें. भाच्याचा खांदा दुखावला होता, बाकी ठीक होतें. आम्ही कांहीं बोलण्यापूर्वींच त्यानें झांकण उघडलें. प्लग पांढराफेक, आणि त्यावर अ‍ॅल्युमिनमचे मोहरीपेक्षां बारीक थेंब. मग त्यानें पेंचकस घेतला आणि स्क्रू सावकाश आंत घेऊं लागला. पूर्वीं कोठें होता हें जाणण्याचा हाच मार्ग. तो मोजत होता, मोठ्यानें, मराठींत. "पाव... अर्धा... पाऊण... एक... सव्वा." येथें स्क्रू टेकला. त्यानें दुसरा घेतला. "पाव... अर्धा... पाऊण... एक... सव्वा."

"मामा, उघडले नव्हते."

"नाहीं," आम्ही म्हणालों. "विसरलों. आणि तूं विचारलेंस तेव्हां आठवलें होतें."

या दुसऱ्या वाक्यानें त्यानें आमच्याकडे पाहिलें. आम्ही ओल्या शालींत उभे होतों. तो बराच वेळ पेंचकस पुसत राहिला. "मींच पाहायला हवं होतं," तो अखेर म्हणाला. "ज्याचं एंजिन त्यानं मोजायचं, असं बाबा म्हणायचे." तो रागावला असता तर आम्हांस बरें वाटलें असतें.

फीनिक्सला परत गेल्यावर पुढील आठवडा आम्हीं त्या गॅरेजमध्यें घालविला. सिलिंडर उचलल्यावर दोन्ही पिस्टनांच्या अंगावर, धूर जेथून बाहेर जातो त्या बाजूला, मांजरानें ओरखाडल्यासारख्या रेघा होत्या. ८१ मिलिमीटरचें सिलिंडर घासून पाव मिलिमीटर मोठा पिस्टन घालावा लागणार होता. पुन्हां पाव! खर्च आम्हीं देऊं केला. त्यानें निम्मा घेतला, आणि तो घेतला यानेंच आम्हांस थोडा धीर आला. नट काढतां काढतां तो आपल्या वडिलांविषयीं बोलत असे. वाटी कशी पुसावी, जेटांत तार कां घालूं नये, नुसती फुंकर कां मारावी. मेहुण्यांस आम्ही पंचवीस वर्षें ओळखत होतों, पण इतक्या वर्षांत त्यांच्याशीं आमचें बोलणें निवडणुका आणि आंबे यांपलीकडे गेलें नव्हतें. शिष्टाईचा विषय त्या आठवड्यांत निघाला नाहीं.

निघण्याच्या आदल्या दिवशीं भाच्यानें आईला फोन केला. आम्ही शेजारींच होतों. तो म्हणाला, "आई, यंत्र खोलून ठेवलंय. उन्हाळ्यापर्यंत तरी पाण्यावर जाणार नाहीं." सगळें खरें, एक अक्षर खोटें नाहीं. पलीकडून जो आनंद झाला तो आम्हांस फोनवांचूनही ऐकूं आला असता. "दादाला दे," ती म्हणाली. "दादा, मला माहीत होतं. तुझं तो ऐकणार. काय सांगितलंस रे त्याला?" भाचा आमच्याकडे पाहात होता. "फारसें कांहीं नाहीं," आम्ही म्हणालों.

पुण्यास आल्यावर शिष्टाईबद्दल आम्हांस चिरोट्यांचा मोठा डबा मिळाला, आणि तो आम्हीं संपविला. यंत्र जूनपासून पुन्हां पाण्यावर आहे. कार्बुरेटर ४४ चेच. सकाळच्या हवेला पावणेदोन फेरे, असें भाचा कळवितो, आणि ते तो स्वतः मोजतो. आईलाही त्यानें तसें कळविलें, तेव्हां ती आमच्यावर रागावली नाहीं. दादानें सांगितल्याचा परिणाम आठ महिने टिकला, हेंच तिला पुष्कळ वाटलें. ओरखडलेल्या पिस्टनांपैकीं एक त्यानें आमच्या पेटींत घातला होता. तो आमच्या टेबलावर उत्तरपत्रिकांवर वजन म्हणून असतो. भगिनीनें परवां तो उचलून पाहिला आणि हें काय म्हणून विचारलें. आम्ही म्हणालों, "सावकाश सांगेन." ती या मासिकाची जुनी वर्गणीदार आहे, आणि अंक तिच्या घरीं आमच्या आधीं दोन दिवस पोंचतो.